आधी उजेड, मग कुंडी
एका लेखात रसाळ रोपं (सक्युलंट, म्हणजे पानांत-खोडात पाणी साठवणारी) वाढवायला ‘मोठी कुंडी आणि भरपूर खत’ असं सुचवलंय, ते पटलं नाही. मोठ्या कुंडीत जिथवर मुळं पोचलेली नसतात तिथली माती ओलीच राहते आणि मुळं कुजतात. आधीपेक्षा इंच-दोन इंच रुंद कुंडी पुरे, तळाला भोक हवंच. रोप नीट वाढत नसेल तर खरं दुखणं बहुतेकदा उजेडाचं असतं. खोड लांबुळकं आणि पानं विरळ झाली की रोप उजेडाकडे ताणतंय असं समजा. उन्हात न्या, पण हळूहळू. एकदम नेलं तर पानं भाजतात. माती पूर्ण सुकल्यावरच पाणी. आणि जेड (जाड पानांचं एक रसाळ रोप) असेल तर शेंडे बिनधास्त खुडा! खाली बहुधा दोन फांद्या फुटतात. खुडलेला शेंडा काही दिवस सुकवून लावलात तर आणखी एक रोप, फुकटात.