निर्जंतुक मतदान

महानगरपालिकेच्या निवडणुकीत, म्हणजे २०२६ सालच्या १५ जानेवारीला, भर मतदान केंद्रावर एका पोलीस शिपायाने मला दुसऱ्याने टाकलेला ओला टिश्यू उचलायला लावला. ही गोष्ट मी अजून विसरलेलो नाही आणि विसरण्याचा माझा विचारही नाही. दिवस किंक्रांतीचा होता. या दिवशी आमच्याकडे कोणी शुभकार्याला हात घालत नाही, पण लोकशाहीचा उत्सव शुभकार्यात मोडत नसावा.

रांगेत माझ्या पुढे एक साठी उलटलेले गृहस्थ उभे होते. अंगात स्वेटर, गळ्याला मफलर, नाकावर मास्क आणि हातात सॅनिटायझरची बाटली असा त्यांचा सरंजाम होता. दर थोड्या वेळाने ते ती बाटली हवेत दाबत आणि तो फवारा, वाऱ्याच्या कृपेने, माझ्या चष्म्यावर येत असे. रांगेतल्या एका बाईंनी आदल्या दिवशीच्या संक्रांतीचा उरलेला तिळगूळ डब्यातून सर्वांपुढे धरला, तेव्हा यांनी विचारले, "घरी केलेत का?" बाई कौतुकाने हो म्हणाल्या. "मग हात कोणाचे?" त्या क्षणभर गोंधळल्या आणि म्हणाल्या, "माझेच. दोन्ही." गृहस्थांनी नमस्कार करून डबा पुढे जाऊ दिला. गोड बोला हे तरी ते पाळतील, अशी माझी समजूत होती. ती खोलीत शिरताच संपली.

"ही शाई सकाळपासून सगळ्यांना या एकाच पेनने लावताय?" त्यांनी मतदान अधिकाऱ्याला विचारले.

"हो."

"म्हणजे किती जणांची बोटं लागली असतील याला!"

"पुण्यात तशी फार भीती नाही, काका," अधिकारी यादीवरून मान न उचलता म्हणाला. "निम्मे लोक येतच नाहीत."

यात अतिशयोक्ती नव्हती. २०२४ च्या लोकसभेला पुण्यात सुमारे ५३ टक्के मतदान झाले होते आणि आमच्या सोसायटीतील उरलेल्या सत्तेचाळीस टक्क्यांचे प्रतिनिधी या वेळीही जोडून सुटी पकडून कोकणात गेलेले होते. तिथल्या किनाऱ्यावर लोक किती कचरा करतात, याची छायाचित्रे ते दुपारपासून आम्हाला पाठवत होते.

"मला या हातानं जेवायचं असतं हो," गृहस्थ म्हणाले.

"डाव्या हाताला लावतोय, काका. जेवा उजव्याने."

"डावा हात लोक कशाला वापरतात ते मला ठाऊक आहे, म्हणूनच विचारतोय!"

या युक्तिवादाला निवडणुकीच्या नियमपुस्तिकेत उत्तर नसावे, कारण अधिकाऱ्याने मुकाट्याने त्यांचे बोट धरले आणि रेघ ओढली. मग ते पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेले आणि आडोसा हलू लागला. केंद्राध्यक्ष खुर्चीवरून अर्धे उठले. आतून स्वच्छ, खणखणीत उत्तर आले, "बटणं पुसतोय!" आमच्या प्रभागात अ, ब, क, ड अशा चार गटांतून चार नगरसेवक निवडायचे असल्याने मते चार द्यायची असतात, आणि चारही दिल्याखेरीज यंत्र शेवटचा लांब आवाज काढत नाही. गृहस्थ बाहेर आले, तेव्हा आवाज आलेला नव्हता.

"अहो, चौथं मत राहिलं!"

"तीन पुरेत. चौथं बटण ओलं आहे."

"तुम्हीच केलंत ना ओलं?"

"मी स्वच्छ केलं. ओलं ते झालं."

शेवटी केंद्राध्यक्षांनी हात जोडले, गृहस्थ पुन्हा आत गेले आणि बहुधा पेनाच्या टोपणाने त्यांनी राष्ट्राचे ऋण फेडले. त्यानंतर माझी पाळी आली आणि मी ते ओले बटण दाबले. कोणाला मत दिले हे सांगायचे नसते, परंतु ते लिंबाच्या वासाचे होते एवढे सांगायला हरकत नसावी.

मी बाहेर आलो तेव्हा गृहस्थ पायऱ्या उतरत आपले बोट जोराजोराने घासत होते. शाई सहज पुसली जाते अशी ओरड त्या दिवशी राज्यभर झालीच होती. यांचा हेतू दुबार मतदानाचा नसून दुपारच्या जेवणाचा होता, एवढाच फरक. घासून झाल्यावर त्यांनी तो टिश्यू सोडला. फेकला म्हणता येणार नाही, कारण फेकणाऱ्याला आपण फेकतो आहोत याची निदान जाणीव असते. तो माझ्या चपलेपाशी पडला, गृहस्थ फाटकाबाहेर गेले आणि शिपायाची नजर माझ्यावर आली.

"ओ काका, उचला ते. शाई पुसायला घेऊन आलात होय?"

"माझा नाही तो."

"मग काय माझा आहे?"

सगळी रांग पाहत होती. तिळगूळवाल्या बाईसुद्धा, ज्यांना सत्य ठाऊक होते, डब्याचे झाकण लावण्यात गुंतल्या. मी वाकलो आणि दोन बोटांच्या चिमटीत तो उचलला.

आता तो टाकायचा कुठे? शाळेच्या आवारात कचरापेटी दिसली नाही, आणि रस्त्यावरच्या पेट्या महापालिकेने पूर्वीच बऱ्याच ठिकाणांहून हलवल्या आहेत. फाटकापासून ठरलेल्या अंतरावर उमेदवारांच्या कार्यकर्त्यांची टेबले मांडलेली होती. पहिल्या टेबलावर मी कचरापेटीची चौकशी केली, तर यादीतला माझा अनुक्रमांक सांगण्यात आला. दुसऱ्यावर सांगितले की ते काम ब गटाच्या उमेदवाराकडे येईल. ब गटवाले म्हणाले, निकाल लागू द्या. चार नगरसेवक असण्याची ही मोठी सोय आहे, की कोणाही एकाकडे गेले तरी उरलेले तिघे दाखवता येतात.

अर्थात तेही सुखच म्हणायचे. मार्च २०२२ मध्ये जुन्या सभागृहाची मुदत संपल्यापासून जवळजवळ चार वर्षे बोट दाखवायलाही कोणी निवडून आलेला नव्हता, सगळा कारभार प्रशासकाकडे होता. २०२१ साली हद्दीत घेतलेल्या तेवीस गावांची तर याहून वाईट गत झाली. त्यांच्या ग्रामपंचायती गेल्या आणि महापालिकेसाठी मत द्यायला २०२६ उजाडले. मधल्या काळात, २०२५ च्या जानेवारीत, त्यांतल्याच नांदेड, किरकटवाडी भागात आणि सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात गुईलेन बॅरे सिंड्रोमची साथ आली, माणसे हातापायांतली शक्ती जाऊन अतिदक्षता विभागात पडली, आणि संशयाची सुई पिण्याच्या दूषित पाण्याकडे वळली. तिथल्या माणसाने नळ दाखवायला कोणाला बोलवायचे होते? तिकडे फुरसुंगी आणि उरुळी देवाचीत वर्षानुवर्षे आमचा कचरा जाऊन पडला. ती गावे आधी महापालिकेत घेतली आणि नंतर वेगळी काढून त्यांची नगर परिषद केली, म्हणजे ज्यांच्या नाकाशी पुण्याचा कचरा, त्यांचे मत पुण्यात नाही. लोकांना न विचारता केलेली स्वच्छता कशी असते, तेही या शहराने १८९७ च्या प्लेगात रँडच्या काळात पाहिले आहे; गोरे सोजीर घराघरांत शिरत होते. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रुग्णांची शुश्रूषा करताना संसर्ग होऊन १० मार्चला गेल्या. त्यांच्याकडे सॅनिटायझरची बाटली नव्हती. हे सगळे मला त्या गृहस्थांना ऐकवायचे होते, पण ते केव्हाच घरी जाऊन हात धूत असणार.

टिश्यू मी घरी आणला. ही म्हणाली, "ओल्यात टाकू की सुक्यात?" टिश्यू ओला होता हे खरे, पण पालेभाजीच्या देठांसारखा तो कुजणार नव्हता, आणि सुक्यात टाकावा तर त्यातून अजून लिंबाचे पाणी गळत होते. यावर आमच्यात जो वाद झाला तो इथे देत नाही. रात्रभर तो गॅलरीत राहिला.

सकाळी कचरा घ्यायला येणाऱ्या ताईंपुढे मी प्रकरण ठेवले. त्यांनी दुरूनच पाहिले.

"नाक पुसलंय का त्याला?"

"ठाऊक नाही. म्हणजे, तो माझा नाही."

"नाक पुसलेलं असंल तर कागदात गुंडाळून, वर लाल खूण करून वेगळं द्यायचं. आमी हातानं निवडतो, काका."

मी वर्तमानपत्राच्या पुरवणीत तो गुंडाळला. नातवंडाचा लाल स्केचपेन शोधून त्यावर ठिपका काढला आणि पुडी त्यांच्या हाती दिली. ती बादलीच्या कडेला खोचून ताई म्हणाल्या, "आणि मागच्या महिन्याचे पैसे ऱ्हायलेत तुमच्या मजल्याचे."

ते काम आमच्याकडे नसते. ते सेक्रेटरी पाहतात, आणि ते कोकणातून रविवारी यायचे होते, असे मी त्यांना सांगितले.