काकूंच्या पिशवीत एकही वस्तू लो-कार्ब नव्हती

आज बाजारात ओळखीच्या एक काकू भेटल्या आणि त्यांची पिशवी पाहून डोकंच फिरलं. शुगर नुकतीच निघालेली. कुणीतरी सांगितलं, लो-कार्ब म्हणजे कमी कर्बोदकांचं (कार्बचं) खाणं सुरू करा. म्हणून ओट्स, मल्टिग्रेन आटा, मधाची बाटली, मखाणे आणि 'शुगर फ्री' बिस्किटं. एवढे पैसे मोजून घेतलं काय, तर नुसते कार्ब!

शंभर ग्रॅम ओट्समध्ये 65 ग्रॅमच्या आसपास कार्ब. मखाण्यात 75 च्या पुढे, मधात 80. आटा सात धान्यांचा घ्या नाहीतर अकरा, 65 ते 70 आहेतच. बिस्किटात साखर नसेल, पण मैदा कुठे गेला? पाकीट उलटं करून 'एकूण कर्बोदके' ही बारीक ओळ वाचा. पुढची ठळक अक्षरं विकायला छापलेली असतात.

आता आपल्याच लोकांना राग येईल असं लिहितो. भाकरीसुद्धा लो-कार्ब नाही. ज्वारीची नाही, बाजरीची नाही, कळण्याची पण नाही. एका मध्यम भाकरीला 70 ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे 45 ग्रॅम कार्ब धरा. कळण्यात उडीद असतो, त्यानं प्रथिनं वाढतात, कार्ब फारसे हलत नाहीत. मैद्यापेक्षा भाकरी केव्हाही बरी, मान्य. पण लो-कार्बची साधारण हद्द दिवसाला 130 ग्रॅम. दोन वेळच्या चार भाकरींचेच 180 झाले! (किटोवाले, म्हणजे कार्ब जवळजवळ बंदच करणारे, 20 ते 50 वर येतात. सुरुवातीलाच तिकडे जाऊ नका.)

"मंग खावानं काय?" काकूंनी तोंड बारीक करून विचारलं.

अहो, भरीत खा ना! जळगावच्या भरताच्या वांग्याला जीआय (भौगोलिक) मानांकन आहे, आणि आपण ओट्स शोधत फिरतो. शंभर ग्रॅम वांग्यात जेमतेम 6 ग्रॅम कार्ब, त्यातला बराचसा चोथा. पऱ्हाटीवर (कपाशीच्या वाळक्या काड्यांवर) साल काळी पडून सुटेस्तोवर भाजायचं, देठ धरून सोलायचं, हिरवी मिरची-लसणाबरोबर बडगीत (लाकडी भांड्यात) ठेचायचं. मग कांद्याची पात, शेंगदाणे, वरून तेलाची फोडणी. तेलाला घाबरू नका, पोट त्यानंच भरणार आहे. भरीत ताटभर, भाकरी अर्धी. आपण नेमकं उलटं करतो.

मेथी, पालक, गिलके, दोडके, दुधी, फ्लॉवर पोटभर खा. अंडी, मटण, चिकन, मासे यांत कार्ब जवळजवळ नाहीतच. मूठभर शेंगदाण्यात 5 ग्रॅम, पण मूठभरच. डबा घेऊन टीव्हीपुढे बसायचं नाही. बटाटा, रताळं बाजूला ठेवा.

शेवभाजीचं सगळे विचारतात. शेव म्हणजे बेसन, 50 ग्रॅम शेवेत 20 ते 25 ग्रॅम कार्ब. रस्सा भरपूर घ्या, शेव चिमटीनं. बट्टी? एक बट्टी म्हणजे जवळजवळ एक भाकरीच, आणि एका बट्टीवर आपल्याकडे उठतं कोण! केळं रावेर-यावलचं असलं तरी एकात 25 ग्रॅम. त्यापेक्षा अर्धा पेरू बरा. आणि साबुदाणा... शंभरात 85 च्या पुढे निव्वळ पिष्ट. आठवडाभर पाळलेलं पथ्य एका चतुर्थीला खिचडीत जातं.

प्यायचं तर पातळ ताक, बिनसाखरेचं लिंबूपाणी, कोरा चहा. दुधाच्या चहात दोन चमचे साखर म्हणजे दुधासकट 10 ते 12 ग्रॅम. असे पाच कप झाले की 50 च्या वर, तेही चहाच्या नादात. गूळ घालून काही वाचत नाही. उसाचा रस आणि कोल्ड्रिंक बंदच.

काकूंचा तरी काय दोष? फळीवर जे 'हेल्दी' म्हणून मांडलं, तेच उचललं त्यांनी.

आणखी एक. पहिल्या आठवड्यात डोकं दुखतं, गळून गेल्यासारखं होतं, पोटऱ्यांत गोळे येतात. इन्सुलिन उतरलं की मूत्रपिंडं पाण्याबरोबर मीठही बाहेर टाकतात, म्हणून. लोक "सोसत नाही" म्हणून तिथंच सोडतात. ताकात मीठ घाला, पाणी वाढवा. बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर मिठाचं आधी डॉक्टरांना विचारा. त्या आठवड्यात उतरलेलं वजन बहुतेक पाण्याचं असतं, लगेच नाचू नका. आणि भुसावळचा पारा 45 ला टेकलेला असताना हे सुरूच करू नका.

ज्यांना इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड ही शुगरची गोळी चालू आहे, त्यांनी ताट बदलण्याआधी डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्या, नाहीतर शुगर धाडकन खाली येते. घाम सुटला, हात थरथरले की तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची. तेव्हा पथ्य बघत बसायचं नाही. डापाग्लिफ्लोझिनसारखी, लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी गोळी असेल तर धोका वेगळा, रक्तात आम्ल साचण्याचा: मळमळ, पोटदुखी, धाप लागली तर मीटरवर शुगर बरी दिसली तरी तडक दवाखाना गाठा. काकूंच्या चिठ्ठीवर हीच गोळी निघाली. त्यांना म्हटलं, डॉक्टर हो म्हणेपर्यंत भाकरी सोडू नका.