प्रभावशाली व्हायचंय? आधारची झेरॉक्स जोडा

गेल्या महिन्यात फोन आला. "सर, अभिनंदन! नाशिकमधल्या डेटा संरक्षण क्षेत्रातल्या प्रभावशाली व्यक्तींच्या यादीत तुमची निवड झालीये." मी अंबडच्या एका कारखान्यात हजेरीचं थंब मशीन आणि कामगारांच्या फायली सांभाळतो. घरी माझा प्रभाव टीव्हीच्या रिमोटवरसुद्धा नाही. तरी शर्टाला इस्त्री केली. तेव्हा मान्यवर कसं व्हावं, हे आता मी हक्काने सांगू शकतो.

डेटा संरक्षणाचा, म्हणजे लोकांची खासगी माहिती जपण्याचा, कायदा वाचत बसू नका. तो २०२३ चा, नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यानंतर १८ महिने दिलेत. तेवढ्यात तीन पुरस्कार उरकतात. "२५० कोटींचा दंड" एवढं पाठ करा आणि गंगापूर रोडच्या कुठल्याही हॉलमध्ये म्हणून दाखवा. ती कमाल मर्यादा आहे, असला खुलासा करून लोकांची भीती घालवू नका.

फोटोत हाताची घडी हवीच.

कामावरून तर माणूस मुळीच जोखू नका. नाहीतर के. एस. पुट्टस्वामी आठवतील. निवृत्त न्यायमूर्ती, २०१२ मध्ये, ऐंशी ओलांडल्यावर, आधारविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यातूनच २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. किंवा ऑस्ट्रियाचा माक्स श्रेम्स. विद्यार्थी असताना त्याने फेसबुककडे स्वतःचीच माहिती मागितली, तर हजारावर पानं आली. पुढे त्याच्या खटल्यांमुळे युरोप-अमेरिकेतले माहिती पाठवण्याचे दोन करार रद्द झाले. पण दोघांनी नोंदणी शुल्क कुठे भरलं होतं? बाद.

शुल्क दहा हजार, वर जीएसटी, म्हणजे ११,८००. शाल, ट्रॉफी आणि दोघांचं जेवण त्यातच. शिवाय एक फॉर्म. त्यात आधार, पॅन, जन्मतारीख, बायकोचा मोबाइल आणि रक्तगट. ट्रॉफी द्यायला रक्तगट! मी विचारलं, आधार कशाला? "सर, प्रोसेस आहे." कायदा म्हणतो, कशासाठी हवंय ते सांगा आणि कामापुरतंच घ्या. हे मी डेटा संरक्षणाचा पुरस्कार वाटणाऱ्याला सांगत होतो! आणि तरी फॉर्म भरला. हो, भरला. इस्त्री केली होती ना. मग त्यांनी सगळ्यांना एका शीटची लिंक पाठवली, "नावाचं स्पेलिंग तपासा" म्हणून. उघडली, तर सगळ्या मान्यवरांचे आधार क्रमांक ओळीने! वर व्हॉट्सॲप ग्रुपही काढला. दोन दिवसांत त्र्यंबक रोडच्या प्लॉटवाल्याने मला वाढदिवसाच्या आगाऊ शुभेच्छा दिल्या.

अहो, लाज वाटू द्या जरा! कसली शाल पांघरताय? आमच्या ऑफिसातली एक मुलगी कंत्राटदाराला कामगारांच्या आधारच्या झेरॉक्स देत नाही. "शेवटचे चार आकडे घ्या, बाकी मिळणार नाही," म्हणते आणि रोज शिव्या खाते. तिचं नाव घेतलंत कधी? आणि तुम्ही, "निवड झाली" ऐकलं की ओटीपीसुद्धा वाचून दाखवणारे, तुम्हीही तसलेच. मीही. पुरस्कार गेला खड्ड्यात, आधी ती शीट बंद करा. काल रात्री पाहिली, उघडीच होती.