पुढचा जन्म धारणीकडे मिळाला तर

पुढचा जन्म मागून मिळत नाही. पण समजा मेळघाटात मिळालाच, धारणी नाहीतर चिखलदरा तालुक्यात, तर थोडी तयारी करून या. आमच्याकडे उपाशी राहायलाही शिस्त लागते.

कुपोषित व्हायचंच तर सप्टेंबरात व्हा. तो पोषण माह. रांगोळ्या असतात, पालेभाज्यांचं प्रदर्शन असतं, साहेब येतात, तुम्हाला मांडीवर घेऊन फोटो काढतात. दिवाळीनंतर मात्र अशक्तपणा दाखवू नका. मायबाप कामाला बाहेरगावी जातात ते होळीलाच परततात. तुम्ही त्यांच्यासोबत वीटभट्टीवर आणि तुमचं नाव गावच्या अंगणवाडीत. नाव कधी आजारी पडत नाही, हा त्याचा मोठा गुण.

दंडाकडे विशेष लक्ष द्या. सहा महिन्यांचे झालात की सेविका डाव्या दंडाला रंगीत पट्टी गुंडाळते. साडेअकरा सेंटीमीटरच्या आत असलात तर लाल, साडेबारापर्यंत पिवळे, त्यापुढे हिरवे. लाल व्हायच्या फंदात पडू नका. लाल झालात आणि वर आजारीही असलात की मायला तुम्हाला घेऊन दवाखान्यात मुक्काम करावा लागतो आणि ती विचारते, "मी अठी बसू तं निंदाले कोन जाईन? घरचे दोन लेकरं काय खातीन?" सेविकेकडे उत्तर नसतं, मोबाइलच्या ॲपात त्याला रकाना नाही. त्यापेक्षा ११.६ वर थांबा. पट्टी जरा सैल धरली की तेवढं सहज जमतं, वर जिल्ह्याचा आकडाही सुधारतो.

खाण्याबाबत कुरकुर नको. अंगणवाडीतून घरी येणाऱ्या पाकिटातलं पीठ तुम्हाला आवडणार नाही. शेळीला आवडतं, तिची तब्येत बघण्यासारखी असते. आदिवासी भागात सरकारच्या अमृत आहार योजनेतून अंडं मिळतं, ते बिनबोभाट खा. पण शाळेपर्यंत टिकलात तर त्याचा लळा सोडा. शाळेच्या पोषण आहारात अंडं २०२३च्या नोव्हेंबरात आलं आणि २०२५च्या जानेवारीत सरकारने त्याचे पैसे बंद केले. आता म्हणे लोकवर्गणीतून द्या. गणपतीची निघते की!

मरायचंच झालं तर न्यूमोनियाने मरा, किंवा जन्मतःच वजन कमी असू द्या. १९९३मध्ये इथल्या बालमृत्यूंचा गाजावाजा झाला तेव्हापासून पाहणीला येणारे येतच आहेत, पण कागदावर भुकेने कोणी मेल्याचं ऐकिवात नाही. तुम्ही उगाच नवा पायंडा पाडू नका.

आणि हो, आपण एकटेच असं वाटून घेऊ नका. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली. लहानपणी ते तितकंसं जाणवत नाही. पुढे पहाटे डांबरी रस्त्यावर धावून धावून पोलीस भरतीला उभे राहाल, तेव्हा पोरांना १६५ सेंटीमीटर उंची लागते. तिथे पट्टी कोणी सैल धरत नाही.