हळद लागलेली गाडी

गाडी बघायला गेलो तेव्हा मागच्या सीटवर एक कोंबडी बसली होती. मला आणि मेहुण्याला बघून ती उठली नाही. नुसती फुगली.

"अंड्यावर हाय," आबा म्हणाले. "मागनं नका बघू. पुढनं बघा."

आम्ही पुढून बघितली. हरिपूरच्या रस्त्याला हळदीचं जुनं गोदाम, त्यात पोत्यांच्या दोन थप्प्यांच्या मध्ये अंग चोरून ती उभी होती. स्टँडर्ड हेराल्ड. १९६४ची, दोन दारांची, आणि मुख्य म्हणजे डोक्यावर टप नसलेली.

टप नसलेली गाडी हे माझं शाळेपासूनचं दुखणं. आमच्या लहानपणी सांगलीत उघडी गाडी दिसायची ती निवडणुकीत, नाहीतर वरातीत. आतला माणूस उन्हानं भाजत असायचा, पण सगळा रस्ता त्याच्याकडे बघत असायचा. मी पुढे अठ्ठावीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे काढली. तिथंही लोक माझ्याकडे बघायचे, पण आधी घड्याळाकडे बघून. एकदा तरी आपल्याकडे कुणी कामाशिवाय बघावं, एवढीच माझी इच्छा होती. त्यासाठी एक लाख चाळीस हजार जास्त नाहीत, असं मला त्या दिवशी वाटलं.

मेहुण्याला नेलं होतं घासाघीस करायला. हा माणूस भेंडीचं शेवटचं टोक मोडल्याशिवाय पाव किलो घेत नाही. पण गाडीभोवती एक फेरी मारून त्यानं बॉनेटवर बोट फिरवलं आणि बोट मला दाखवलं. पिवळंधमक. गाडी मुळात पांढरी होती म्हणे. चाळीस वर्षं हळदीची धूळ बसून ती आतून-बाहेरून अशी झाली होती की, सांगलीच्या हळदीला २०१८ साली जे भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात हिला धरायला हरकत नव्हती.

"दाजी," मेहुणा म्हणाला, "हळद लागलीच आहे. आता उरकून टाका."

मी तरी थोडी चौकशी केली. नाही असं नाही.

"आबा, गाडी चालू आहे का?"

"चालूच हुती की. बंद केली म्हणून बंद हाय."

"पुराचं पाणी लागलं असेल हिला?"

आता हा प्रश्न सांगलीत विचारायचा नसतो. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. सांगलीकराला स्वतःचं रक्तदाबाचं माप सांगता येणार नाही, पण आयर्विनला किती फूट झाले की आपल्या कितव्या पायरीला पाणी लागतं, हे तो झोपेत सांगेल. आणि हरिपूर तर कृष्णा-वारणेच्या संगमावरच. तरी आबांनी शांतपणे उत्तर दिलं.

"पाणी आलं हुतं. लागलं न्हाई."

या दोन क्रियापदांतला फरक मला दीड महिन्यानं कळला. मिरजेला हेडलाइट उघडला तेव्हा त्यातून ओंजळभर गाळ निघाला, आणि गाळात एक शंख.

पैसे मोजून दिले तरी गाडी लगेच मिळाली नाही. आबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून दिवस मोजले आणि तारीख दिली. कोंबडीला एकवीस दिवस लागतात. आरटीओपेक्षा हा कारभार चोख होता, हे तेव्हा समजण्याइतका अनुभव माझ्याकडे नव्हता.

त्या एकवीस दिवसांत मी रात्री जागून अभ्यास केला. मूळची ट्रायम्फ हेराल्ड इंग्लंडमध्ये १९५९ साली आली. तिचं रूप इटलीच्या जिओव्हानी मिकेलोत्ती यांनी रेखाटलेलं. मद्रासला ती १९६१पासून स्टँडर्ड नावानं व्हायला लागली. इंजिन ९४८ सीसी. वळायला इतकी लवचीक, की २५ फुटांच्या वर्तुळात फिरते. म्हणजे आमच्या गल्लीत जे मोपेडला जमत नाही ते हिला जमणार. आणि विलायतेत कंपनीनं स्वतःच १९६०मध्ये उघड्या टपाची हेराल्ड काढली होती! त्यातलीच एक वाट चुकून हरिपुरात आली आहे आणि ही गोष्ट अख्ख्या महाराष्ट्रात फक्त मला कळली आहे, अशी माझी खात्री पटली. स्थळाची चौकशी आणि जुन्या गाडीची चौकशी, दोन्ही माणूस होकार ठरवल्यावरच करतो.

गाडी हलवायला मार्केट यार्डातले हमाल आणले. चारही चाकं जाम. मुकादमानं विचारलं, "वजन किती?" मी म्हटलं, साधारण आठशे किलो. त्यानं मनात भागाकार केला. "सोळा पोती," म्हणाला, आणि पोत्याच्या दरानं मजुरी ठरली. विलायती गाडीची वाहतूक पन्नास किलोच्या पोत्यावर ठरलेली बघून मला जरा वाईट वाटलं. पण त्यांनी ती 'हेऽऽ पांडुरंग' म्हणत टेम्पोत अशी चढवली की एक ओरखडा नाही. ओरखडा उठायला रंग शिल्लक लागतो, ही गोष्ट वेगळी.

दारात गाडी उतरली. बायको पदर खोचून बाहेर आली. एकदा इकडून बघितलं, एकदा तिकडून.

"अहो, हिचं डोकं कुठंय?"

"अगं, ही अशीच असते. उघडी गाडी आहे."

"उघडी आहे का उघडी पडलीय?"

तीन आठवडे परदेशी पुस्तकं वाचून मला जे सुचलं नाही, ते तिनं चपला न घालता विचारलं होतं. मी अर्थातच हसून विषय बदलला.

मिरजेचे चाचा म्हणजे या भागातले जुन्या गाड्यांचे शेवटचे मिस्त्री. वय सत्तरीच्या पुढे, चष्म्याची एक काडी तारेची. या गाडीचं बॉनेट मडगार्डांसकट पुढच्या बाजूला उलटतं. ते त्यांनी उघडलं, पुढच्या चाकावर पाटावर बसल्यासारखे बसले, चहा मागवला आणि बराच वेळ नुसते इंजिनाकडे बघत राहिले. आजारी माणसाला भेटायला आलेले नातेवाईक बसतात तसे.

"काय वाटतं चाचा?"

"जीव हाय."

इंजिन जाम होतं. प्लगच्या भोकांतून डिझेल सोडून आठ दिवस ठेवलं. रोज संध्याकाळी मी बँकेतून निघायचो आणि मिरजेला जाऊन विचारायचो, "सुटलं का?" नवव्या दिवशी पान्याला जोर लावल्यावर आतून 'कट' असा आवाज आला. चाचांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, काहीतरी तुटलं. ते म्हणाले, "सुटलं." त्या दिवशी मी सगळ्या गॅरेजला बासुंदी दिली. पोरगी पास झाली तेव्हा पेढेच दिले होते, याची आठवण घरी अजून निघते.

मग फ्लोअरचा पत्रा. चटई उचलली तर खाली सरळ जमीन दिसली. मग लांबी, म्हणजे पत्र्याचे खड्डे बुजवायची पुट्टी, मग वेल्डिंग, मग पुन्हा लांबी. पुढच्या चाकांना वळवणारा पितळी ट्रनियन झिजलेला होता. त्याला ग्रीस नाही, गिअरचं तेल लागतं. पण इतक्या वर्षांत कुणी ना कुणी मायेनं ग्रीसच भरलं होतं. तो कोल्हापूरच्या उद्यमनगरात करून घेतला. उद्यमनगराबद्दल असं आहे की तुम्ही फक्त तुटका तुकडा टेबलावर ठेवायचा. ही कुठल्या गाडीची वस्तू, कुठल्या देशातली, असं कुणी विचारत नाही. "किती नग?" एवढंच विचारतात. मी 'एक जोडी' म्हटल्यावर त्या लेथवाल्यानं ज्या करुणेनं माझ्याकडे बघितलं, ती मी विसरणार नाही.

वायरिंगला चाचांनी नव्या दमाचा इलेक्ट्रिशियन बोलावला. आता त्या काळच्या बऱ्याच इंग्रजी गाड्यांत बॅटरीचं अधिक टोक बॉडीला जोडलेलं असतं, आपल्या रिवाजाच्या बरोबर उलट. हिचंही तसंच होतं. हे चाचांना ठाऊक होतं, पण चाचा नमाजाला गेले होते. पोरानं सवयीनं उणे टोक बॉडीला लावलं, सेल मारला आणि डॅशबोर्डाखालून धूर निघाला. धुरापेक्षा वास भयंकर होता. चाळीस वर्षांची सांगलीची हळद एकदम तापली होती. गॅरेजभर लोणच्याच्या फोडणीचा घमघमाट सुटला. शेजारच्या टायरवाल्यानं डोकं घालून विचारलं, "आज जेवण इथंच काय?"

शेवटी एकदाचं इंजिन सुरू झालं. म्हणजे कसं, तर खोकत, थांबत, दम घेत. चाचांच्या गॅरेजच्या मागे एक सतारी करणारे कारागीर राहतात. मिरजेत हे काही नवल नाही. आवाज ऐकून ते बाहेर आले, हातात अर्धवट घासलेली सतारीची घोडी तशीच. दोन मिनिटं कान देऊन उभे राहिले. "षड्ज लागतोय," म्हणाले, "पण जवारी बसली नाही." चाचांनी कार्बोरेटरचा स्क्रू अर्धा आटा फिरवला. कारागीर मान हलवत म्हणाले, "अजून थोडी. हं… बास." इंजिन गाऊ लागलं. मी दोघांना नमस्कार केला. बिल मात्र एकट्या चाचांनीच लावलं.

राहिलं हूड. ते शिवायला रिक्षाचं हूड शिवणारा गाठला. मी त्याला फोटो दाखवले, मापं दिली, मातकट कापड सांगितलं. त्यानं सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि हातातल्या सवयीप्रमाणे काळं शिवलं, वरच्या कडेला पिवळी पट्टी. मागच्या खिडकीखाली रेडियममध्ये 'आईची कृपा' त्यानं स्वखुशीनं घातलं, पैसे न घेता. गाडी घरासमोर लावली त्याच दुपारी एक म्हातारी दार उघडून आत बसली. "सिव्हिलला सोड बाबा."

खरा घाव मात्र पुढेच होता. हूड बसवताना चाचांना काचेच्या वरच्या पट्टीवर काहीतरी लागलं. त्यांनी नखानं खरवडलं. एम-सील निघालं, खाली बोल्टचं भोक. मग दुसरं, मग तिसरं, मग मागच्या बाजूलाही तशीच रांग.

"साहेब," चाचा हळूच म्हणाले, "ही उघडी गाडी न्हवं. हिचा टप काढलाय."

हेराल्डचा टप बोल्टनं बसवलेला असतो. गाडीचा सगळा भार खालच्या चेसीवर, त्यामुळे टप काढला तरी ती मोडत नाही, नुसती दिसायला गाणं गायला निघाल्यासारखी दिसते. हे मी वाचलंही होतं. वाचून पान उलटलं होतं.

घरी काही बोललो नाही. पण कागदपत्रांच्या एजंटनं सोडलं नाही. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१मध्ये व्हिंटेजचे नियम आले आहेत. नोंदणीला वीस हजार, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं, आणि रोजच्या वापराला नाही, रॅली-प्रदर्शनाला किंवा पेट्रोल-दुरुस्तीपुरतीच रस्त्यावर. शिवाय चेसी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरबदल नको. एजंटनं गाडीभोवती फिरून 'आईची कृपा' वाचलं आणि फाइल मिटली.

"काका, टप आणा. मग बघू."

साठ वर्षांपूर्वीच्या गाडीचा टप आणायचा कुठून? मी मुंबई, पुणे, मद्रास सगळीकडे फोन केले. शेवटी काही नाही तर निदान भांडावं म्हणून हरिपूरला गेलो.

"आबा, गाडीला टप होता!"

"हुता की."

"मग सांगितलं का नाही?"

"तुमी कुठं इचारलं?" आणि त्यांनी परसाकडे हात केला. "त्यो काय."

परसात कोंबड्यांचं खुराडं होतं. चार बाजूंनी विटा, जाळी, आणि वर मिकेलोत्तींच्या हातचा तो गोलसर बाक, चुन्यानं सारवलेला. मी जवळ गेलो. बोल्टची भोकं मोजली. खालून सहा-सात कोंबड्या माझ्याकडे बघत होत्या.

"थोरल्याच्या वरातीला काढला," आतून आजी म्हणाल्या. "नवरानवरी दिसायला नगंत व्हय? मग परत कोण लावतंय. पावसाळा आला, कोंबड्या भिजाय लागल्या."

म्हणजे गाडी उघडी झाली तीही कुणीतरी बघावं म्हणूनच. पुढचं मला बोलवेना.

टपाचे पैसे घ्यायला आबा तयार होते, आजी नव्हत्या. कोंबड्यांना आता तिथं कूळकायदाच लागू झाला होता. तीन खेपांनंतर तडजोड झाली: मी नवं खुराडं बांधून द्यायचं, आधी बांधायचं, मग टप न्यायचा. सिमेंटचं जोतं, पत्रा नको ("तापतो"), मंगलोरी कौलं, पुढे पायरी. गवंड्यानं खर्च सांगितला तेव्हा कळलं की आमच्या स्वयंपाकघराचं अडलेलं काम एवढ्यातच झालं असतं. हे मी इथं लिहितोय, घरी सांगितलेलं नाही.

टप न्यायला तेच हमाल. मुकादमानं उचलून बघितला, "अर्धं पोतं," म्हणाला. चाचांनी तो बसवला तेव्हा एकूण एक भोक जिथल्या तिथं जुळलं. बायको म्हणाली, "आता कशी घरंदाज दिसते." काचा वर केल्यावर आत मी आहे का कोण आहे, काही दिसत नव्हतं.

कागदं झाल्यावर पेट्रोल भरायला म्हणून निघालो आणि हरिपूरपर्यंत गेलो. आजींनी बॉनेटला हळदकुंकू लावलं. मी म्हटलं, हळद नको. चहा झाला. दार उघडंच राहिलं होतं. परत आलो तर मागच्या नव्या सीटवर तीच होती, का तिची मुलगी, मला सांगता येणार नाही. तिनं एक गिरकी घेतली, पाय आत ओढले आणि फुगून बसली.

आबांनी आत डोकावून बघितलं. मग चष्मा पुसला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळले.