मारा आणि कृष्णा

केनिया आणि टांझानिया एकाच सहलीत उरकावेत, असा ठराव आमच्या सांगलीच्या घरात एकमताने मंजूर झाला, आणि ते एकमत तेवढ्यापुरतेच टिकले. केनियाचे मसाई मारा आणि टांझानियाचे सेरेंगेटी ही अभयारण्ये नकाशावर एकमेकांना खेटून असल्याने पलीकडे जायला कितीसा वेळ लागणार, हे आमच्या साडूंनी सांगली-मिरजेच्या हिशेबाने ठरवून टाकले. विल्डबीस्ट नावाच्या गवत खाणाऱ्या जनावरांचे कळप तसे सरळ जातातही. पर्यटकाला मात्र इसेबानियाच्या सीमानाक्यापर्यंत वळसा घालून, शिक्के मारून घेऊन, केनियाची गाडी अलीकडे सोडून टांझानियाच्या गाडीत बसावे लागते. पूर्व आफ्रिकेचा एक सामायिक व्हिसा आहे खरा, पण तो केनिया, युगांडा आणि रवांडाचा. म्हणजे नेमका आम्हाला हवा तो देश वगळून!

पीतज्वराची लस निघण्यापूर्वी किमान १० दिवस आधी, तीही सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते आणि साठीपुढच्या माणसाला ती विचारपूर्वक देतात, हे कळल्यावर सासरेबुवांनी "आपल्या सागरेश्वर अभयारण्यातली हरणे बिनलशीची दिसतात," एवढेच सुनावले. सौभाग्यवतींची अडचण भडंगाची होती. प्लास्टिकच्या पिशव्यांवर केनियात २०१७ पासून आणि टांझानियात २०१९ पासून बंदी असल्याने तिने मांजरपाटाच्या पिशव्या शिवायला घेतल्या. परंतु माराला जाणाऱ्या छोट्या विमानात हातातल्या सामानासह माणशी १५ किलोच नेता येतात, हे समजताच माझे दोन स्वेटर बॅगेतून निमूटपणे बाहेर आले.

खरा पेच पडला तो महिन्याचा. मारा नदी ओलांडणारे कळप साधारण जुलै ते ऑक्टोबर या काळात दिसतात, आणि जुलै-ऑगस्टमध्ये सांगलीकराचे लक्ष कृष्णेच्या आयर्विन पुलावरच्या पाणीपातळीच्या आकड्यांवर असते. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका; २०१९ साली तर पाणी ५७ फुटांच्याही वर गेले होते. तेव्हापासून आमची आई आकडा तिशीत शिरला की तांदळाचे डबे माळ्यावर चढवू लागते. ती म्हणाली, "तिकडे जनावरे नदी ओलांडतात, इकडे नदी जिना चढते. डबे वर कोण चढवणार ते आधी ठरवा, मग तिकिटे काढा."

मग फेब्रुवारी सुचला. त्या सुमारास हेच कळप दक्षिणेला न्दुतूच्या गवताळ माळावर वितात, आणि तिथे नदी ओलांडण्याची भानगड नसते. पण साडूंच्या मुलीची बारावी फेब्रुवारीतच, आणि खुद्द साडूंनी मारा नदीतल्या मगरींसाठी म्हणून दुर्बीण घेऊन ठेवलेली. अखेर सप्टेंबरअखेरीवर तडजोड होत आली असतानाच, पितृपक्षात आपण विमानात पाऊल ठेवणार नाही, असे सासरेबुवांनी कळवले. एजंटाने आता आमच्याकडे आगाऊ रक्कम मागणे सोडले असून तो फक्त माणसे किती उरली, एवढेच विचारतो.