डावा कान

गणपतीतल्या प्रश्नमंजूषेसाठी सुनील गावसकरांची माहिती तपासायचं काम माझ्या गळ्यात पडलं. का, तर मी बँकेतून रिटायर झालोय. आयुष्यभर दुसऱ्यांचे आकडे तपासले म्हणजे हौसच असणार, असा सेक्रेटरींचा समज. कुठलंसं ऑनलाइन चरित्र छापून त्यांनी हातात ठेवलं. "नुसती नजर टाका काका. दहा मिनिटांचं काम."

लाल पेन घेऊन बसलो. जन्म १० जुलै १९४९, मुंबई. बरोबर. पुढे म्हणे दुसऱ्याच दिवशी हॉस्पिटलात बाळाची अदलाबदल झाली! मासुरेकर नावाच्या नातेवाइकांनी आदल्या दिवशी बाळाच्या डाव्या कानापाशी बारीक भोक पाहिलेलं. या बाळाला ते नाही. शोधाशोध झाली, तर खरा सुनील एका कोळिणीशेजारी गाढ झोपलेला. असलं काही इंटर्व्हलच्या आधी होतं, चरित्रात नाही. काट मारली.

१९७४, मँचेस्टर. केस डोळ्यांवर येतात म्हणून पंच डिकी बर्ड यांनी भर मैदानात कात्रीने कापून दिले. काट! १९८२ च्या रणजी उपांत्य सामन्यात कर्नाटकच्या रघुराम भटांची फिरकी खेळायला गावसकर चक्क डावखुरे झाले. काट! १९७५ चा वर्ल्ड कप, लॉर्ड्सवर इंग्लंडच्या ३३४. उत्तरादाखल गावसकर साठ षटकं उभे राहून १७४ चेंडूंत नाबाद ३६. इथे मला छापणाऱ्याची दया आली. बिचाऱ्याचा एक अंक गळला असणार. मी ३६ च्या आधी एक लावून १३६ केले.

"जावईबापू, हे काय केलंत?" मागून अप्पा. सासरे, वय चौऱ्याऐंशी. "मी काट मारलेलं सगळं खरं आहे. बाळाचं तर त्यानं स्वतः लिहून ठेवलंय. आणि त्या छत्तीसांचा हिशेब मी अजून मिटवलेला नाही."

पलंगाखालची ट्रंक निघाली. आत डांबरगोळ्यांच्या वासात पन्नास वर्षांची कात्रणं. आता उरलं होतं एकच वाक्य, त्यातल्या त्यात निरुपद्रवी, म्हणून मी बिनदिक्कत बरोबरची खूण केलेलं: '१९७१ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यात पाच कसोटींत ७७४ धावा, सरासरी १५४.८०.' अप्पांनी त्याचं कात्रण उलगडलं आणि त्यातून मला समोरची भिंत दिसली. मधोमध नीट चौकोनी भोक.

"मागच्या बाजूला कोथिंबीरवडी होती," सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "वड्या खाताना नाही कोणी विचारलं."

वडीने एकूण बेरीज नेली होती, पण कडेचे आकडे वाचले होते. ६५, ६७, ११६, ६४, १, ११७, १२४, २२०. मी बोटाने ओळ धरून बेरीज केली. ७७४! पैशापैशाने टॅली. पण डाव आठच, म्हणजे कसोटी चार! पहिली बोटाच्या दुखण्याने हुकली होती, हे अप्पांनी सांगितलं. मग पाच आले कुठून? तर ६७, ६४ आणि ११७ नाबाद. माणूस बाद झाला पाच वेळा, आणि ७७४ ला पाचाने भागलं की १५४.८०. लिहिणाऱ्याने सरासरीवरून उलटं गणित करून सामने ठरवले असावेत. आमच्या शाखेत असा एक कॅशियर होता.

आनंदाच्या भरात मी पुढची ओळ मोठ्यांदा वाचली. "दहा हजारावी धाव, ७ मार्च १९८७, अहमदाबाद."

"वानखेडे," अप्पा म्हणाले. "मी होतो ना तिथे. डब्यात थालीपीठ होतं."

"अप्पा, अहमदाबादच. पाकिस्तानविरुद्ध. लोक मैदानात घुसले होते."

"मग मी टाळ्या कोणाला वाजवल्या?"

याचं उत्तर ट्रंकेत नव्हतं. ते रुसून टीव्हीसमोर जाऊन बसले. रात्री जेवायच्या वेळी मॅच लागली होती, आणि समालोचनाला नेमके गावसकर. अप्पा ताट घेऊन उठले, पडद्याला नाक लागेल इतके जवळ गेले, चष्मा वर-खाली केला.

"उजवीकडूनच दाखवतात मेले," ते पुटपुटले. "म्हणावं, जरा मान वळव."